मुक्ताला, गाउनच्या घडीतून

नारायण पेठ, रविवार रात्र

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

फोनवर लिहिलं की निळ्या खुणा उमटतात आणि तू गप्प बसतेस. म्हणून कागदावर. उद्या बाबा पिशवी घेऊन येतील, त्यात तीन गाउन आहेत, हे पत्र त्यांच्या घडीत आहे. गाउनांचं मागाहून सांगते. आधी कालचं.

चुकलं माझं. तुझ्या छाती वाढवण्याच्या ऑपरेशनचं बोलायला गेलो तेव्हा डॉक्टरांपुढे "पण मुळात कशाला?" असं विचारायला नको होतं. तू मला सोबत म्हणून नेलं होतंस, उलटतपासणीला नाही. दुधाचंही विचारायला नको होतं. लग्नाचा पत्ता नाही आणि ही नातवंडांना पाजायला निघाली, असं तुझ्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्या बाईंनी मात्र न चिडता सांगितलं, की चीर खालच्या घडीतून घेतली की दुधाच्या ग्रंथींना फारसा धक्का लागत नाही, बहुतेकींना पाजता येतं, पण हमी कोणी देत नाही. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं.

रिक्षात तू रस्त्याकडे तोंड करून बसलीस. अलका टॉकीजच्या सिग्नलला म्हणालीस, "पॅड शिवणारी तूच होतीस ना?" आणि उतरून चालायला लागलीस. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

होते. मीच होते. आज दुपारी मापांची जुनी वही काढली. तुझं पान नववीपासून आहे. कोळीनृत्याच्या चोळीचं माप पेन्सिलीने लिहिलंय आणि शेजारी शाईने दोन इंच वाढवून. पुढच्या प्रत्येक ब्लाउजला तसंच, पेन्सिलीचा एक आकडा, शाईचा एक. तू कधी सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. फोम कापायचा, वर मलमल, आणि अस्तरात आतून टीप. स्टेजवर तुझं डावं पॅड काखेकडे सरकलं तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. मागच्या मुली हसल्या. तू नाच पुरा केलास, शेवटपर्यंत टोपली डोक्यावर धरून, एका हाताने. घरी आल्यावर एवढंच म्हणालीस, "पुढच्या वेळी घट्ट शीव." आणि मी घट्ट शिवलं. तेव्हा मी तुला जवळ घेऊन काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला काल संध्याकाळी कळलं. तू २९ वर्षांची झाल्यावर. छत्तीस वर्षं मी बायकांच्या छातीचं माप घेतेय, आणि एकही बाई अशी भेटली नाही की जी टेप लावताना श्वास आत ओढत नाही किंवा बाहेर सोडत नाही. सगळ्याजणी काही ना काही लपवतात. तू तरी उघड बोललीस.

असो. कालचं बाकीचं मला नीट समजलंय, असं समजू नकोस की आई नुसती घाबरून बसली होती. त्या बाईंनी ते इम्प्लांट माझ्या हातात दिलं तेव्हा मला आधी घट्ट खरवस आठवला, मग स्वतःचीच लाज वाटली. मग त्यांनी तुझ्या छातीच्या वरच्या भागाची कातडी चिमटीत धरून मोजली. दीड सेंटिमीटर. दोनपेक्षा कमी भरली तर ते स्नायूवर ठेवलं की कड दिसते, सुरकुत्या उमटतात, असं त्या म्हणाल्या. मला ते चटकन पटलं. पातळ रुबियाला अस्तर लावलं नाही तर आतली शिवण बाहेरून मोजता येते. त्या म्हणतात तसा वरचा अर्धा भाग छातीच्या मोठ्या स्नायूखाली आणि खालचा भाग नुसता ग्रंथीखाली, म्हणजे योकला अस्तर आणि खाली मोकळं. शिवाय शरीर त्या परक्या वस्तूभोवती आपणहून एक पिशवी शिवतं, ती कधीकधी आवळत जाते, घट्ट होते. स्नायूखाली ठेवलं तर ते प्रमाण कमी. तुला वर हवंय, कारण दुखणं कमी आणि जिमला लवकर जाता येतं, आणि पुशअप मारताना स्नायूबरोबर ते हलायला नको. तुझं म्हणणं खोटं नाही, ते हलतं असं त्याही म्हणाल्या. पण चार दिवसांच्या दुखण्यासाठी अस्तर वाचवू नकोस गं. हे मी आई म्हणून नाही, शिंपीण म्हणून सांगते. निर्णय तुझा. बघ, परत सांगायला लागले.

एकच विचारायचं होतं, ते रिक्षात राहून गेलं. गुरुवारी रात्री तुझ्याजवळ कोण आहे?

पहिले चोवीस तास महत्त्वाचे, असं त्या म्हणाल्या ना. एकच बाजू फुगली, ताठरली, दुसरीपेक्षा जास्त दुखायला लागली, तर आत रक्त साठत असेल, लगेच फोन करायचा, वाट बघायची नाही. पण तू वेदनाशामकाच्या गुंगीत असणार. दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे रात्री अडीच वाजता कोण बघणार? तू नीलमचं नाव सांगितलंस. नीलम चांगली मुलगी आहे, तिच्या लग्नाचे सातही ब्लाउज मीच शिवलेत. पण तिला झोप लागली की लागली, हे तूच सांगायचीस. उषाच्या वेळी मी फक्त चहा प्यायला खाली गेले होते. तेवढंच. जाऊ दे, ते तुला माहीत आहे.

बाबांचं म्हणशील तर ते तुझ्याच बाजूचे निघाले. मला वाटलं होतं वर्तमानपत्राच्या आड जातील. तर त्यांनी मला कावसजीची गोष्ट ऐकवली. इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. बिचारा वर्षभर तसाच हिंडला, आणि मग आपल्या पुण्याजवळ एका विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं आणि १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं. बाबा म्हणाले, "त्याला कोणी विचारलं असेल का, मुळात कशाला?" मी म्हटलं, त्याचं नाक कापलं होतं, हिचं काय कापलंय? बाबा काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

पण त्या गोष्टीतलं एक मला रात्रभर पुरलं. त्या माणसाने आधी मेणाची पातळ चकती नाकाच्या जागी बसवून आकार घेतला, मग ती सपाट करून कपाळावर ठेवली, कडेने रेघ मारली आणि त्या रेघेवर कापलं. म्हणजे आधी पेपर कटिंग आणि मग कापड. माझंच काम की हे. फक्त माझ्याकडे चुकलं तर उसवता येतं.

बाबांचे निरोप लिहिते, नाहीतर विसरेन. इम्प्लांटचं कार्ड, नंबर असलेलं, लॅमिनेट करून फायलीत ठेव. खरबरीत पृष्ठभागाचे काही इम्प्लांट २०१९ साली लिंफोमा नावाच्या एका दुर्मिळ कर्करोगामुळे जगभरातून परत मागवले होते. तुझे गुळगुळीत आहेत हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. आणि हे जन्माला पुरणारं नाही. अमेरिकेतल्या औषध खात्याचा सल्ला असा की सिलिकॉनचं असेल तर पाच-सहा वर्षांनी पहिला एमआरआय किंवा सोनोग्राफी, पुढे दर दोन-तीन वर्षांनी, कारण आत फुटलं तरी बाहेर कळत नाही. बाबांनी तुझ्या पस्तिशीची नोंद आत्ताच डायरीत केली. हसू नकोस.

माझं म्हणजे घरातलं. वरच्या फळीवरचे डबे बुधवारीच खाली काढ, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मोठा कुकर भरलेला उचलायचा नाही. ॲक्टिव्हा तर महिनाभर विसर, आपल्या रस्त्यांवर धडधाकट माणसाचे टाके उसवतात. आणि उताणं, पाठीशी उशा लावून उंच झोपायचं. तू पहिल्या महिन्यापासून पालथी झोपणारी. दवाखान्यातल्या आया तुला उताणी करून जायच्या, तू परत तोंड खाली. रात्री तू वळलीस तर कोण सरळ करणार? मी विचारणार नव्हते. विचारलं.

तुला वाटत असेल मला लाज वाटते. सोसायटीत कोणाला काय सांगू, असं. त्याची थोडी काळजी होती, खोटं कशाला बोलू, परवापर्यंत होती. पण तू स्वतःच्या पैशाने, सहा महिने चौकशी करून, तीन डॉक्टर गाठून, माप घेऊन, वही करून हे ठरवलंस. पहिल्या पगारात माझ्या मशीनला मोटर बसवून दिलीस तेव्हाही अशीच वही केली होतीस, चार दुकानांचे भाव लिहून. वही करण्याची खोड माझी आहे, ती तरी बरी लागली.

आता गाउन. मऊ मांजरपाट आहे, दोनदा धुऊन घेतलंय. डोक्यावरून घालायचे नाहीत, पुढून पूर्ण उघडे. काज-बटण केलं नाही, टिचबटणं लावलीत. पण दाबताना छातीवर जोर पडेल म्हणून पट्टी एका बाजूला, बरगडीच्याही खाली घेतली आहे. बाही मोकळी आहे, हात न उचलता आत जाईल, मी स्वतः हात अंगाशी बांधून घालून बघितलं. बाबा हसत होते.

छातीला माप टाकलेलं नाही. कोणता आकडा लिहायचा ते कळेना. सुरुवातीला ते वर आणि ताठ बसतात, मग हळूहळू उतरतात, तीन महिने लागतात असं त्या म्हणाल्या, म्हणून दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवली आहे. दिवाळीनंतर टेप घेऊन येते. तेव्हा शाईनेच लिहू.

तुझी,
आई

ता. क. मेतकूट आणि मऊ भातासाठी आंबेमोहोर पिशवीत तळाशी आहे. गोळ्यांनी पोट धरतं, मनुका भिजवून खा. नीलमची गुरुवारी रात्रपाळी आहे की सकाळची, तेवढं बाबांजवळ सांग. मी बाहेरच्या सोफ्यावर झोपेन. आत येणार नाही, दार फक्त ओढून घे, कडी लावू नकोस.