जुन्या कृष्णधवल चित्रांच्या छटा परस्पर बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि उत्पादन विभाग

विषय: ताज्या अपडेटनंतर कृष्णधवल रूपांतर व स्प्लिट टोनिंग (उजळ आणि गडद भागांना वेगवेगळी छटा देणे) बिघडल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या छायाचित्र-संपादन प्रणालीची मी जुनी वर्गणीदार आहे. माझे बहुतेक काम कृष्णधवल असते. त्यात व्यक्तिचित्रे जास्त, निसर्गदृश्ये थोडी. रंगीत रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घेऊन त्यावरून मी ती तयार करते. ताज्या अपडेटमध्ये आपण कृष्णधवल विभागातले रंगवार स्लायडर, म्हणजे कोणता रंग किती उजळ दिसावा हे ठरवणाऱ्या सरकपट्ट्या, काढून तिथे एकच बटण ठेवले. एवढ्यावर न थांबता माझी आधी पूर्ण झालेली चित्रेही त्याच नव्या पद्धतीने, मला न विचारता बदलून टाकली. ही दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते.

एका वृद्ध स्त्रीच्या चित्राची प्रिंट मी पूर्वी दिली होती. तिच्या घरच्यांनी त्याच चित्राची आणखी एक प्रत मागितली. मी फाइल उघडली आणि कशालाही हात न लावता छापली. कागद, प्रिंटर आणि कलर प्रोफाइल सगळे पूर्वीचेच होते. तरीही नव्या प्रिंटमध्ये चेहऱ्यावरचा उजेड गेला होता, गालावरचे डाग ठळक झाले होते आणि सावलीच्या भागात दाणे उठले होते. पूर्वी काढून ठेवलेली 16 बिटची टिफ फाइल (तयार चित्राची पूर्ण दर्जाची प्रत) शेजारी उघडून पाहिली, तर दोन्हींचे हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात कोणती छटा किती आहे हे दाखवणारे आलेखसुद्धा, जुळत नव्हते. अशी प्रत मी त्या कुटुंबाला देऊ शकले नाही.

कारण शोधण्यासाठी मी शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा असे तीन चौकोन करून त्यांवर आपले नवे बटण वापरले. तिन्ही चौकोन 128 या एकाच राखाडी छटेचे झाले (0 म्हणजे पूर्ण काळा, 255 म्हणजे पूर्ण पांढरा). म्हणजे हे बटण लाल, हिरवा, निळा यांच्या आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांचा मध्य काढते, बाकी काही करत नाही. डोळ्याला हिरवा रंग सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत गडद दिसतो, म्हणून टीव्हीच्या जुन्या मानकातही लाल, हिरवा, निळा यांना 0.299, 0.587 आणि 0.114 असे वेगवेगळे वजन आहे. त्या हिशेबाने माझे चौकोन साधारण 76, 150 आणि 29 यायला हवे होते.

याचा चित्रावर काय परिणाम होतो ते पाहा. फुलाचा लाल 200, 40, 40 असेल आणि पानाचा हिरवा 60, 180, 60 असेल, तर आपल्या बटणाने दोन्ही 120 होतात आणि फूल पानांत हरवून जाते. वजनांच्या पद्धतीत तेच 88 आणि 130 येतात. आणि रंगवार स्लायडर हाताशी असतील तर फूल पानांपेक्षा उजळ ठेवायचे की गडद, हे मी ठरवू शकते. चेहऱ्याचे नुकसान याहून मोठे आहे. त्वचेत सर्वांत मोठा आकडा बहुधा लालचा आणि सर्वांत लहान निळ्याचा असतो. त्यामुळे आपल्या पद्धतीत निळ्या चॅनेलला (चित्रातल्या निळ्या रंगाच्या थराला) निम्मे वजन मिळते. डाग, सुरकुत्या आणि नॉइज (चित्रातले दाणे) नेमके याच चॅनेलमध्ये सर्वांत जास्त असतात. त्या वृद्ध स्त्रीच्या गालावर जे उमटले ते इथून आले.

रंगीत चित्र कृष्णधवल करणे म्हणजे कोणता रंग किती उजळ दिसावा हे ठरवणे. फिल्मच्या काळात छायाचित्रकार हे भिंगावर फिल्टर लावून ठरवत. पिवळ्या फिल्टरने आकाश थोडे गडद होई, लाल फिल्टरने निळे आकाश जवळजवळ काळे पडून ढग उठून दिसत. आपले आठ स्लायडर तेच काम चित्र काढून झाल्यावर करू देत होते. मी आपली वर्गणी भरत आले ती या स्लायडरसाठी.

स्प्लिट टोनिंगचीही अशीच गत झाली आहे. पूर्वी उजळ भागांना एक छटा, गडद भागांना दुसरी, आणि त्यांची सीमा कुठे असावी यासाठी बॅलन्सचा स्लायडर होता. आता बॅलन्स नाही आणि दोन्ही छटा मधल्या टोनांत एकमेकींवर चढतात. पूर्ण काळ्यालाही निळसर झाक येते आणि कागदाचा पांढरा पिवळट होतो. डार्करूममध्ये सेपियासाठी (उबदार तपकिरी छटेसाठी) केलेले ब्लीच आधी उजळ भागांवर चढते आणि सेलेनियम हे छटा देणारे रसायन आधी गडद भाग पकडते. त्यामुळे दोन्ही वापरलेल्या प्रिंटमध्ये ऊब आणि थंडावा आपापल्या जागी राहतात. स्प्लिट टोनिंग हे नाव लावून त्या साधनातून सीमाच काढून टाकणे मला मान्य नाही.

आपल्या सेवा विभागाकडून मला उत्तर आले की नवे साधन सोपे असून बहुतेकांना आवडले आहे. ज्यांना एक बटण हवे त्यांच्यासाठी ते जरूर ठेवा, माझी हरकत नाही. पण जुन्या चित्रांचे काय, याबद्दल त्या उत्तरात एक शब्द नव्हता.

माझी पहिली मागणी अशी की जुनी चित्रे ज्या पद्धतीने तयार झाली त्याच पद्धतीने उघडावीत, आणि नवी पद्धत फक्त मी निवडली तरच लागू व्हावी. रंगवार स्लायडर आणि बॅलन्स परत द्यावेत, निदान प्रगत विभागात तरी. हे होईपर्यंतच्या काळाची वर्गणी परत करावी किंवा तेवढी मुदत वाढवून द्यावी.

सोबत तीन चौकोनांची फाइल, जुनी टिफ आणि नव्याने काढलेली टिफ जोडली आहे. त्या आपल्या तंत्रज्ञांना दाखवाव्यात आणि जुनी पद्धत कधी परत मिळेल ते लेखी कळवावे. तोवर त्या कुटुंबाची प्रत मी जुन्या टिफवरून छापून देत आहे. ज्या चित्रांची अशी टिफ माझ्याकडे नाही, त्यांच्या प्रती मला देता येत नाहीत.

आपली,
एक वर्गणीदार