समोरच्याची सही घेणारे सर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमचे तत्त्वज्ञानाचे सर गेल्या पंधरवड्यात गेले. आपल्या सातारा पुरवणीत निधनवार्तांमध्ये चार ओळी आल्या. शोकसभा नको, फलक नकोत, असं ते घरी बजावून गेले होते, म्हणून मीही त्यांचं नाव इथे लिहीत नाही. पण तालुक्याच्या कॉलेजात तीसेक वर्षं शिकवलेल्या या माणसाने काय केलं, ते चार ओळींत मावणारं नाही.

सर स्वतः दादरच्या कीर्ती महाविद्यालयात तत्त्वज्ञ प्रा. मे. पुं. रेगे यांच्या हाताखाली शिकले होते. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. एसटी चुकली तर तास बुडायचा. विषय सोपा म्हणतात, मार्क पडतात, म्हणून घेतलेला. पहिल्याच महिन्यात सरांनी वहीचं पान उभं दुमडायला लावलं. डाव्या बाजूला ज्याचं म्हणणं आपल्याला पटत नाही त्याचं म्हणणं लिहायचं, तेही असं की वाचून त्याने मान डोलवावी. मग वही त्याच्याकडे द्यायची. "होय, मला हेच म्हणायचं आहे" असं लिहून त्याने खाली सही केली की मगच उजव्या बाजूला आपलं उत्तर. सही मिळेपर्यंत उजवी बाजू कोरी. त्या सहीसाठी आम्ही कॅन्टीनमध्ये, स्टँडवर एकमेकांच्या मागे लागायचो. 1990 मध्ये मंडलवरून कॉलेजचं वातावरण तापलं, एकमेकांशी बोलणं बंद झालं, तेव्हाही सरांनी हाच नियम चालवला. वर्गातल्या दोन मुलांना सह्या मिळायला आठवडा लागला. त्या आठवड्यात ती दोघं जितकं बोलली तितकं आधी वर्षभरात बोलली नव्हती.

पूर्वपक्ष, म्हणजे खोडण्याआधी समोरच्याची बाजू नीट मांडणं, काय असतं हे आम्हाला असं कळलं. वेद आणि परलोक न मानणारं चार्वाक दर्शन शिकवताना त्यांनी मुद्दाम माळकरी घरातल्या मुलाला उभं केलं आणि चार्वाकाची बाजू मांडायला सांगितली. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो; पण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे तू कुठे पाहिलंस? चार चुली पाहिल्यास, उरलेल्या जगाचं काय? तो मुलगा असा काही बोलला की वर्ग गप्प झाला. मग सरांनी सांगितलं की चार्वाकांचं स्वतःचं लेखन जवळजवळ सगळं नष्ट झालं. आज आपण त्यांना ओळखतो ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांमुळे. चौदाव्या शतकातले माधवाचार्य पक्के वेदान्ती, पण त्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'चं पहिलंच प्रकरण चार्वाकांचं आहे. व्याप्तीवरचा, म्हणजे 'जिथे धूर तिथे अग्नी' अशा कायमच्या संबंधावरचा, चार्वाकांचा आक्षेप तिथे नीट, पायरीपायरीने मांडलेला आहे. खोडायचं म्हणून का होईना, त्यांनी तो लिहून ठेवला.

रेगे सरांचा विषय निघाला की सर हमखास 1983 सालच्या पुण्यातल्या 'संवादा'वर येत. रेगे आणि जयपूरचे प्रा. दयाकृष्ण यांनी न्याय आणि मीमांसा या भारतीय दर्शनांचे पारंपरिक पंडित आणि विद्यापीठांतले पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसवले. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचे विधानाविषयीचे विचार संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवले आणि त्यांनी आपल्या शास्त्राच्या बळावर त्यांची चिरफाड केली. 1991 मध्ये ती चर्चा ग्रंथरूपाने आली. रसेल काय म्हणतो हे पंडितांना त्यांच्या भाषेत पोचवल्याशिवाय वाद सुरूच झाला नसता, आणि आपल्या दुमडलेल्या पानाचं मूळ तिथे आहे, असं सर म्हणत. वाईला मराठी विश्वकोशाचं काम जवळच चालायचं. लक्ष्मणशास्त्री जोशींनंतर रेगेच प्रमुख संपादक झाले. नोंदीखाली 'रेगे, मे. पुं.' दिसलं की ती आधी वाचा, हा सरांचा आम्हाला कायमचा सल्ला. इतक्या स्वच्छ मराठीत इतकं अवघड लिहिता येतं हे मला त्या नोंदींनी दाखवलं. वकिलीच्या पुस्तकांनी नाही.

मी आज दिवाणी कोर्टात वकिली करते. बांधाचा, वाटपाचा दावा घेऊन अशील आला की त्याला पहिला प्रश्न विचारते: तुमच्या भावाचं म्हणणं काय आहे, ते त्याच्या बाजूने सांगा. काही जण चिडून उठून जातात. काही जण सांगता सांगता थांबतात आणि आठवड्याने भावाला घेऊनच येतात. माझी एक वर्गमैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सातवीच्या मुलांकडून ती अजून पान दुमडून घेते.

सर निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही. काही वर्षं तासिका तत्त्वावर कुणी ना कुणी आलं, मग पुरेशी मुलं नाहीत म्हणून विषयच बंद झाला. अकरावी-बारावीचं तर्कशास्त्रही गेलं. विषय माहीतच नसेल तर मुलं तो मागणार कशी? राज्य मंडळाच्या यादीत तर्कशास्त्र आजही आहे. कॉलेजने येत्या जूनपासून निदान अकरावीला तरी ते पुन्हा सुरू करावं, अशी आम्हा माजी विद्यार्थ्यांची मागणी आहे आणि तसं निवेदन आम्ही प्राचार्यांना दिलं आहे. शिक्षक मिळेपर्यंत शनिवारी दुपारी विनामोबदला तास घ्यायला आमच्यापैकी काही जण तयार आहेत. आम्हाला फक्त एक खोली हवी आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुलं यंदा दहावीला आहेत, त्यांनीही प्रवेशाच्या वेळी या विषयाची चौकशी जरूर करावी.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी, सातारा