टरफलं उकळली, तरी बिअर तुरट झाली नाही

नमस्कार दादा,

डिकॉक्शनबद्दल, म्हणजे मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा, मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) काही भाग काढून उकळायचा आणि परत मिसळायचा या पद्धतीबद्दल, माझा प्रश्न एकच होता. स्पार्ज करताना, म्हणजे धान्यात उरलेली साखर गरम पाण्याने धुऊन काढताना, पाणी ७७ अंशांच्या वर नको, नाहीतर टरफलांतलं टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) उतरतं, असं सगळे बजावतात. मग मॅशचा तिसरा हिस्सा चक्क १०० अंशांवर उकळायचा तो कसा? त्यावर तुम्ही उलट मलाच विचारलंत, "पीएच किती आहे?" त्या एका प्रश्नाबद्दल हे जाहीर आभार.

नुसत्या उष्णतेने टॅनिन फारसं सुटत नाही, तिला चढत्या पीएचची (म्हणजे घटत्या आम्लतेची) साथ लागते, हे तुम्ही नीट उलगडून सांगितलंत. मॅश ५.२ ते ५.५ च्या आसपास असतो, शिवाय डिकॉक्शनला काढलेला भाग घट्ट, पाणी कमी. थोडं टॅनिन उतरतंच, पण त्यातलं बरंचसं प्रथिनांना चिकटून पुढे गाळात बसतं. खरा धोका स्पार्जच्या शेवटी: साखर धुऊन गेलेली, पीएच ६ कडे सरकलेला आणि पाणी गरम. आता मी स्पार्जच्या पाण्यात बेताने लॅक्टिक अ‍ॅसिड घालतो आणि ग्रॅव्हिटी (साखरेचं प्रमाण दाखवणारी घनता) १.०१० वर आली की वॉर्ट (माल्टचा गोड द्रव) घेणं थांबवतो.

झारीने फक्त घट्ट भाग उचलायचा, कारण एन्झाइम (स्टार्चची साखर करणारे घटक) पातळ द्रवात असतात आणि ते मूळ भांड्यातच राहायला हवेत, हेही तुमच्याकडूनच कळलं. उचललेला भाग ७२ अंशांवर पंधरा मिनिटं धरायचा, मग उकळायचा. तळ सतत खरवडत राहायचं. लापशीसारखे जाड बुडबुडे फुटतात आणि हातावर उडतात (लांब दांड्याचा चमचा घ्या म्हणालात, ते किती बरं झालं!). परत घालताना थोडं थोडं, थर्मामीटरवर नजर ठेवून. हवं ते तापमान आलं की थांबायचं आणि उरलेलं निवल्यावर मिसळायचं.

आजच्या माल्टला डिकॉक्शनची गरज नाही, थोड्या म्युनिक माल्टनेही (जरा गडद, जास्त चवदार माल्ट) पुष्कळ काम भागतं, हेही तुम्ही हातचं न राखता सांगितलंत. पटतं. तरी उकळताना पावाच्या कडेसारखा जो वास सुटतो, त्यासाठी मी हा खटाटोप करत राहणार.

पुढच्या खेपेला शेवटचं डिकॉक्शन पातळ भागाचं घेऊन ७६ अंशांवर मॅश-आउट (एन्झाइमचं काम थांबवण्यासाठी मॅश तापवणं) करणार आहे. पीएच आधी मोजेन, मग तुम्हाला विचारेन.

तुमचा ऋणी,
एक नवशिका ब्रूअर