शाप शोधू नकोस

फतेहगंज, वडोदरा

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तू "बरं चाललंय" म्हणून मोकळा होतोस आणि खरं काय ते मला वहिनींकडून कळतं. कागदावर मात्र तुला खोटं बोलता येत नाही, हे शाळेपासून बघतोय. म्हणून मीही लिहायलाच बसलो. लांबेल, चहा घेऊन बस.

आधी तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही, तुझ्या घरावर शाप नाही. तो जो कोण बाहेरगावचा प्रचारक तुमच्याकडे येऊन "पणजोबांनी मरीआईला बोललेले नवस फिटले नाहीत, म्हणून भाऊ भावावर उठलाय, म्हणून तुम्हाला झोप नाही" असं सांगून गेला, उपास-प्रार्थनेचं वेळापत्रक आणि तेलाची बाटली ठेवून गेला, त्याच्यावर मी रागावलो आहे. तुझ्यावर नाही. तीन-तीन वाजेपर्यंत जागणाऱ्या माणसाला कोणी कारण दिलं तर तो ते घेणारच. आणि हे कारण सोयीचंही आहे बघ. पणजोबा काही उत्तर द्यायला येत नाहीत.

त्याने बायबलमधल्या निर्गमाचा विसावा अध्याय काढला असेल, "तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत" एवढंच वाचलं असेल आणि लगेच पुढच्या ओळीतली हजारो पिढ्यांवरची दया सोडून दिली असेल. इकडेही हीच पद्धत चालते. तू आज रात्री यहेज्केलाचा अठरावा अध्याय काढ. बाबेलच्या बंदिवासात बसलेले लोक एक म्हण घोळवत होते, की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. आमची काही चूक नाही, वाडवडिलांचं आम्ही फेडतोय, असा त्याचा अर्थ. देव संदेष्ट्याला सांगतो की ही म्हण इस्राएलात यापुढे कोणी म्हणायची नाही. सगळे जीव माझे, बापाचा आणि मुलाचाही. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना आपण पुन्हा पणजोबांची द्राक्षं मोजत बसायचं? प्रेषित पौलाने गलतीकरांना पत्रात लिहिलंय की ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला. ते पुरेसं नव्हतं, वर ही बाटलीही लागते, असं त्या गृहस्थाला म्हणायचंय का, हे त्याला विचारायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक दुखण्याला पापाचं मूळ असतंच असंही नाही. 2024 च्या ऑगस्टअखेर इथे विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत पाणी शिरलं, सोसायट्यांमधून मगरी निघाल्या. पाऊस तुफान, वरून आजव्याच्या तलावाचं पाणी, आणि नदीच्या काठाकाठाने आपणच केलेली बांधकामं. त्यानंतरच्या रविवारी उपासनेनंतर एक बाई मला म्हणाल्या, त्या अमक्यांच्या घरात छातीएवढं पाणी गेलं, काहीतरी असेलच ना? मला शुभवर्तमानातला शिलोहाचा बुरूज आठवला. तो कोसळून अठरा माणसं मेली आणि लोकांच्या मनात हाच प्रश्न, ती जास्त पापी होती का? प्रभू येशू म्हणाला, नाही. आणि प्रश्न विचारणाऱ्यांकडे वळून म्हणाला, तुम्ही पश्चात्ताप करा. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं तेव्हाही, ना याने पाप केलं ना याच्या आईबापांनी. ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी तर आपली सगळी भाषणं पापाचं मूळ शोधण्यात घालवली आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला.

म्हणून तुझ्या छातीतली जळजळ आणि झोप आधी डॉक्टरांना दाखव. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला घातलं. त्यानंतर कितीतरी दिवसांनी होरेब डोंगरावर "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न आला. देव हा क्रम पाळतो, आपण पाळत नाही. बीपी तपासून घे, रात्रीची तंबाखू बंद कर (वहिनींनी सांगितलं, त्यांच्यावर चिडू नकोस), आणि गोळ्या दिल्या तर "विश्वास कमी पडला" असलं काही मनात आणू नकोस.

एवढं सगळं बाजूला काढल्यावर काय उरतं, त्याबद्दल आता लिहितो. तुझ्या पत्रात जमिनीवर दोन पानं आहेत. विहिरीजवळचा तुकडा, तुझ्या वडिलांनी, अण्णांनी, चारचौघांत "तो धाकट्याला" म्हटलेलं, त्या धाकट्या भावाने पुण्याहून येऊन परस्पर तारेचं कुंपण घातलेलं. चर्चची खजिनदारकी सोडली त्यावर अर्धं पान, पाळकसाहेबांनी वार्षिक सभेत आभारसुद्धा मानले नाहीत म्हणून. लेकीला एवढ्या-तेवढ्यावरून ओरडतो त्यावर चार ओळी. आणि तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात, इतर मजकुराशी काही संबंध नसल्यासारखं एकच वाक्य, "शेवटच्या आठवड्यात अण्णांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही."

मी बाकीचं पत्र बाजूला ठेवून त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. अर्धांगवायूनंतर अण्णांना उचलणं, आंघोळ घालणं, रात्री कूस बदलणं, हे सगळं तू केलंस. गावात राहिलास, बदली नाकारलीस. आणि खाटेवरून त्यांचे डोळे दाराकडे, धाकटा कधी येतो म्हणून. तो आला, दोन दिवस बसला, आणि विहिरीचा तुकडा त्याचा झाला. मित्रा, मला वाटतं तुझं भांडण गुंठ्यांवरून नाहीच. त्या तुकड्यावर तू मनात "अण्णांची पसंती" असं नाव घातलं आहेस, आणि ते सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावाने चढतंय. खजिनदारकीतही तेच झालं, घरातही तेच होतंय. लेकीचे गुण कमी आले की तुला तिचं भविष्य दिसत नाही, तुझ्या कष्टाला कोणी शाबासकी दिली नाही हे दिसतं. कठोर लिहितोय हे कळतंय मला.

येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्रावर तू चांगलं बोलतोस, मी ऐकलंय. पण नेहमी सगळं उधळून डुकरं राखणाऱ्या धाकट्यापाशी जाऊन थांबतोस. पुढे वाच. धाकटा घरी परततो, थोरला शेतातून येतो, गाणंबजावणं ऐकतो आणि दारातच अडतो. त्याचं बोलणं म्हणजे वर्षानुवर्षांची हिशेबाची वही. इतकी वर्षं राबलो, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, आणि मला साधं करडूही मिळालं नाही. तो घर सोडून कधी गेला नव्हता, तरी बापाशी त्याचं नातं मजुराचं. धाकट्याने निदान स्वतःला चाकर करून घ्या असं म्हणायचं ठरवलं होतं. थोरला न ठरवताच चाकर होऊन बसला होता. आणि लक्षात घे, बाप त्याच्यासाठीही अंगणात येतो, समजूत घालतो. बाळा, तू सदैव माझ्याबरोबर आहेस, माझं ते सगळं तुझंच आहे. थोरला आत गेला की नाही ते प्रभूने सांगितलंच नाही.

याकोबाने आपल्या पत्रात विचारलंय, तुमच्यात लढाया-भांडणं कशातून उपजतात? आणि उत्तर दिलंय, तुमच्याच आतल्या वासनांमधून. आपण वासना म्हटलं की भलतंच समजतो. अण्णांनी नाव घ्यावं ही इच्छा वाईट नव्हे रे, लेकराची इच्छा आहे. ती देवाच्या जागी जाऊन बसली की मात्र रोज बळी मागते. आधी तुझी झोप मागितली, मग भाऊ मागितला, आता लेक मागतेय. यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात जिवंत पाण्याचा झरा सोडून फुटके हौद खोदणाऱ्यांबद्दल देव बोलतो. अण्णा भले माणूस होते, मलाही त्यांनी पोहायला शिकवलं. पण तुझ्या सगळ्या आयुष्याला पुरेल एवढं पाणी त्यांच्यात नव्हतं, कोणाच्याच बापात नसतं. तुझ्या लेकीच्या बापातही नाही.

गेले काही महिने मला मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय धरून ठेवतोय. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन येशू वर येतो आणि आकाशातून वाणी होते, तू माझा प्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. त्या क्षणापर्यंत त्याने एकही रोगी बरा केलेला नाही, एकही दाखला सांगितलेला नाही. पसंती कामाच्या आधीच मिळाली. त्यानंतर रानात सैतान पहिली खोच कुठे मारतो? तू देवाचा पुत्र असशील तर सिद्ध करून दाखव. तुझ्या कानात रात्री तीन वाजता जे चालतं ते याहून वेगळं आहे का, सांग. आपण ख्रिस्तात आहोत म्हणजे ती यार्देनेवरची वाणी आपल्या नावानेही झालेली आहे, हे आपण शब्बाथ शाळेपासून पाठ म्हणतो. पाठ असणं आणि त्यावर झोप लागणं यात अंतर आहे, एवढंच.

आता करायचं काय? एक तर राग आवरण्याची प्रार्थना थोडी थांबव. ती तू वर्षभर करतोयस. त्याऐवजी ते एक वाक्य देवापुढे मोठ्याने म्हण, अण्णांनी माझं नाव घेतलं नाही. रड आली तर येऊ दे. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की गप्प राहिलो तोवर माझी हाडं झिजली. गप्प बसण्याचा खर्च शरीर भरतं, हे त्याला बरोबर माहीत होतं. मग एका माणसाजवळ कबुली दे. याकोबाचंच सांगणं, एकमेकांजवळ पापं कबूल करा. पाळकसाहेबांकडे जावंसं वाटत नसेल तर वहिनींजवळ दे, माझ्याजवळ दे. ते पत्रातलं वाक्य ही निम्मी कबुली झालीच आहे.

पण स्वतःला खणत बसू नकोस. धर्मसुधारक मार्टिन लूथर मठात असताना तासन्‌तास पापं आठवून कबूल करायचा, बाहेर पडला की आणखी एखादं आठवून परत यायचा. त्याचा वडीलधारा स्टाउपिट्झ त्याला स्वतःकडून ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला लावायचा. तुझाही स्वभाव तसाच आहे, हिशेबनीस तो हिशेबनीस. मूळ दिसलं की पुरे, त्याची मुळं-उपमुळं मोजायची नाहीत. आणि घाई नको. आपल्या नगरच्या कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या काळात त्या बाईंचं सोवळं-ओवळं आतल्या आत सुटत गेलं, पाणी डोक्यावर पडलं ते नंतर. आणि टिळकांचा तापटपणा कसा होता ते लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहून ठेवलंच आहे. आपल्या मंडळीत आज ज्याला त्याला एका सभेत मोकळं व्हायचं असतं.

जमिनीचं काय, असं तू विचारशीलच. क्षमा केली म्हणजे हक्क सोडला असं नाही. अण्णांनी मृत्युपत्र केलं नव्हतं असं तू लिहितोस. आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर एक तृतीयांश विधवेचा, उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. वकिलाकडून खात्री करून घे, पण हिशेब मांडून बघ. आईचा तिसरा हिस्सा, आणि उरलेल्याचे तीन भाग. तीन, दोन नाही. तुझ्या चार पानांत ताईचं नाव कुठेच नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? धाकट्याच्या पत्रातही नसणार. तुम्ही दोघे अण्णांच्या पसंतीसाठी झगडताय आणि तिचा वाटा दोघांच्याही मनात नाही. तिला फोन कर. बहुतेक ती "मला काही नको" म्हणेल, ते ऐकून लगेच सुटका झाली असं समजू नकोस.

धाकट्याकडे जाशील तेव्हा कुंपणापासून सुरुवात करू नकोस. त्याला विचार, "अण्णा तुझ्याशी शेवटी काय बोलले?" मला शंका आहे की त्याच्याकडेही काही नसेल. खाटेवरून कोणी दाराकडे बघत होतं, हे त्याला तुझ्याच तोंडून कळलंय. त्याने ते पाहिलेलं नाही. त्याचंही काहीतरी राहून गेलं असेल. हा माझा अंदाज आहे, चुकूही शकतो.

इथलं बरं आहे. उपासना गुजरातीत, घरातली प्रार्थना मराठीत, आणि दांडिया बाजारातल्या मराठी मंडळींना अजूनही माझं आडनाव ऐकून "तुम्ही ख्रिस्ती? आणि मराठी?" असं आश्चर्य वाटतं. सेव-उसळ खाताना ते विसरतात. तू आलास की नेतो.

मोजणीची तारीख लागली की लगेच कळव. मी येतो. भूमी अभिलेखच्या कचेरीत दिवसभर बसावं लागतं, आणि तुम्हा दोघा भावांच्या मध्ये बसायला एखादा तिसरा असलेला बरा. आईंना आणि वहिनींना सलाम, लेकीला माझ्यातर्फे काही खाऊ आण आणि कशाबद्दल ते सांगू नकोस.

तुझाच,
वडोदऱ्याचा मित्र

ता. क. – डॉक्टर काय म्हणाले ते पुढच्या पत्रात आकड्यांसकट लिही. "नॉर्मल आहे" एवढ्यावर मी ऐकणार नाही.