आमचा ओढा तळ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या भूमापक साहेबांस

आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, ही आपली अट पाळून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाल्यावर आपण सोलापुरात आमच्या शेजारी राहायला आलात, हे आमच्या नगराचे मोठे भाग्य.

आमच्या नगरामागचे तळे दर वर्षी माघ सरता सरता आटत असे आणि त्याच नगरातील खालच्या गल्लीत मोठ्या पावसात गुडघाभर पाणी साचत असे. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे, हे आम्हाला इतकी वर्षे कळले नव्हते. रस्ता उंच करताना तळ्याकडे जाणारे ओढ्याचे पाणी ड्रेनेजच्या नळात वळवले गेले होते. त्यामुळे तळ्याचा येवा तुटला आणि नळात न मावणारे पाणी लोकांच्या घरांत शिरू लागले. आम्ही तळ्यातील गाळ काढण्यासाठी अर्ज करत राहिलो. आपण मात्र पहिल्याच भेटीत विचारलेत, “गाळ काढाल, पण पाणी कुठून आणाल?”

त्यानंतर आपण गाव नकाशाची प्रत काढून आणलीत आणि सातबाऱ्यावरील पोटखराब ‘ब’ वर्गाच्या (म्हणजे ओढे, रस्ते अशा सार्वजनिक वापराखालील, लागवडीबाहेरच्या जमिनीच्या) नोंदी एकेक करून समजावून सांगितल्यात. सगळे जण ज्याला नाला म्हणत होते, तो नकाशात ओढा म्हणून थेट तळ्यापर्यंत गेलेला होता. गल्लीतील कन्नडभाषक आजी त्याला आजही ‘हळ्ळ’ म्हणतात, लहानपणी त्याच पाण्यात कपडे धुतल्याचे सांगतात, आणि त्यांनी दाखवलेली जागा आपल्या नकाशाशी तंतोतंत जुळली. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक अर्जात आपण ‘नाला’ हा शब्द खोडून ‘ओढा’ असे लिहायला लावलेत. कचरा नाल्यात टाकायला कुणाचा हात अडखळत नाही, असे आपण म्हणाला होता, आणि ते मला पूर्णपणे पटले.

सर्वांत जास्त आभार मात्र आपण आम्हाला थांबवलेत यासाठी मानायचे आहेत. नकाशा हाती येताच जेसीबी आणून ओढा एका दिवसात तळ्याला जोडण्याची आमची घाई चालली होती. ओढ्यात काही घरांचे सांडपाणी सोडलेले होते, आणि ते तसेच तळ्यात गेले असते तर जलपर्णी माजली असती, पाण्यातील प्राणवायू घटून मासे मेले असते. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर वाढलेल्या माणसांना जलपर्णी काय करते हे वेगळे सांगावे लागत नाही, तरीही उत्साहाच्या भरात आम्ही ते विसरलो होतो. आधी सांडपाणी ड्रेनेजला जोडायचे, मग पावसाचे पाणी ड्रेनेजमधून बाहेर काढायचे, असा क्रम आपण ठरवून दिलात. त्यासाठी घरोघरी जाऊन लोकांशी बोलण्यात दोन पावसाळे गेले, आणि प्रत्येक फेरीत आपण आमच्याबरोबर होता. अमेरिकेतील सिएटल शहरात रॅवेना नावाचा ओढा गेल्या शतकात असाच सांडपाण्याच्या वाहिनीत वळवला गेला होता आणि 2006 मध्ये तो पुन्हा लेक वॉशिंग्टनशी जोडला गेला, हे नंतर वाचनात आले, तेव्हा आपलीच आठवण झाली.

रस्त्याखालच्या मोरीचा दोषही आपणच शोधलात. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून आपण दोन्ही बाजूंची पातळी तपासलीत, तेव्हा मोरीचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा हातभर उंच बसवलेला आढळला. पाणी चढून जाणार तरी कसे? संबंधित कार्यालयाने आधी ते मान्य केले नाही. आपण चिडला नाहीत, त्यांच्या माणसांसमोर तीच मोजणी पुन्हा केलीत, आणि मोरी बदलली गेली. तळ्याच्या तोंडाशी गाळ थांबवण्यासाठी उथळ खड्डा ठेवून त्याच्या कडेने लव्हाळा आणि पाणकणीस राहू द्यावे, ही सूचनाही आपलीच.

आपल्या जिल्ह्यात खरा पाऊस सप्टेंबरात पडतो. त्या रात्री तो सुरू झाला तेव्हा आम्ही छत्र्या आणि बॅटऱ्या घेऊन मोरीपाशी उभे होतो. काळ्या मातीचे गढूळ पाणी आधी खड्ड्यात फिरले, तिथे भरले, आणि मग संथपणे तळ्यात उतरले. खालची गल्ली कोरडी राहिली. आपण पुण्याला मुलाकडे गेला होता, म्हणून आजींनी मला फोन लावायला सांगितला आणि पाण्याचा आवाज आपल्याला ऐकवला. आपण पलीकडून बराच वेळ काही बोलला नाहीत.

साहेब, वरच्या अंगाला अजून एक मोरी तशीच उंच बसलेली आहे आणि तीन घरांची जोडणी बाकी आहे. त्यामुळे आपली नकाशाची प्रत आणि मोजणीची वही आणखी एक पावसाळा आमच्याकडेच राहू द्यावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
ओढ्याकाठचा एक रहिवासी, सोलापूर