बाळ मागू नका, काम मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या घरात गेल्या महिन्यात बाळ आलंय. मुलगी. धाकट्या जावेची दुसरी आणि आमच्या घरातलं सातवं नातवंड. सासू-सासरे, सासऱ्यांची बहीण म्हणजे आत्याबाई, तिघं भाऊ, आम्ही तिघी जावा आणि सात पोरं, बाळ धरून सोळा माणसं एका छपराखाली. शिवाय गोठ्यात पाच जनावरं, आणि द्राक्षाची बाग. बाळ आलं ते बरोबर ऑक्टोबर छाटणीत, म्हणजे ज्या दिवसांत आमच्या घरात कुणाला बसून जेवायला फुरसत नसते. मजुरांचा चहा, काड्यांना पेस्ट लावायची गडबड, त्यात पाऊस झाला की वेलीवर दावण्या रोग येतो म्हणून परत परत फवारणी. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

पत्र लिहायचं कारण असं की बाळ आल्यापासून रोज फोन येतायत, बाळ कधी दाखवणार, बारशाला का बोलावलं नाही, एवढे कसले शहाणे झालात तुम्ही, आणि प्रत्येकाला फोनवर सगळं सांगत बसणं मला जमत नाही. आणि हे फक्त आमच्याच घरचं आहे असंही नाही, माणसं जास्त असलेल्या प्रत्येक घरात हेच चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी मधल्या जावेचा मुलगा झाला तेव्हा आम्ही बारसं दणक्यात केलं होतं. दारात मांडव, तीनशे पान, घुगऱ्याच दोन पातेली शिजवल्या होत्या. बाळ बारा दिवसांचं. सकाळी अकरापासून ते जे हातात गेलं ते संध्याकाळीच आईकडे आलं, मधे दोनदा दूध पाजलं तेवढंच. ह्या मावशीकडनं त्या काकूकडे, तिच्याकडनं कुणाच्या तरी मुलीकडे, प्रत्येकजण मुका घेतोय, फोटो काढतोय, आणि त्यातल्या दोघी-तिघी नाकाला पदर लावून शिंकत होत्या हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण कार्यक्रमात कुणाला कसं म्हणायचं की बाळाला घेऊ नका? मी मोठी सून असून तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेना. झोपूनच राहायला लागलं, आम्हाला वाटलं बारशाच्या दगदगीनं दमलंय. रात्री बघितलं तर श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत. त्या रात्री गाडी काढून सांगलीला पळालो. आठ दिवस बाळ काचेच्या पेटीत होतं आणि त्याची आई बाहेर बाकड्यावर, टाके ओले असताना. पोरगं देवाच्या दयेनं चांगलं आहे आता, चौथीत आहे. पण ते आठ दिवस मी विसरले नाही, आणि तेव्हा गप्प बसले हे पण विसरले नाही.

नंतर गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी सांगितलं तेव्हा कळलं की दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याच्या वर गेला, बरगड्या आत ओढल्या गेल्या, दूध ओढायचं बंद झालं, अंग तापलं किंवा गार पडलं तर वाट बघायचीच नाही, लगेच दवाखाना गाठायचा. हे आम्हाला बारशाच्या आधी माहीत पाहिजे होतं.

तर ह्या वेळचं सांगते. ही मुलगी जन्मली ती 2 किलो 200 ग्रॅमची. अडीच किलोच्या खाली असलं की कमी वजनाचं बाळ धरतात. डॉक्टरबाईंनी सांगितलं, पेटीत ठेवायची गरज नाही पण हिला ऊब पाहिजे, आणि ती छातीवर द्यायची, कांगारू करतं तशी. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे घालायचे, आपल्या उघड्या छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडून, मान एका बाजूला, आणि वरनं कापडानं बांधून घ्यायचं. कोलंबिया देशात दवाखान्यात पेट्या कमी पडायला लागल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत काढली म्हणे, आणि आता जागतिक आरोग्य संघटना पण सांगते की कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे 8 ते 24 तास असं धरा. मी विचारलं, बाई, आठ तास एका बाळंतिणीनं कसं धरायचं, तिनं झोपायचं कधी, जेवायचं कधी? तर त्या म्हणाल्या, घरात किती माणसं आहेत? मी म्हटलं, सोळा. मग काय अडचण आहे, आईला जेव्हा जमणार नाही तेव्हा आजीनं धरा, बापानं धरा, फक्त हात धुतलेले आणि सर्दी-खोकला नसलेलं माणूस पाहिजे, आणि तीच ठरलेली तीन-चार माणसं धरा, सगळ्यांनी नाही.

त्यांचं ते बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. सोळा माणसं आहेत म्हणून आपण बाळ सोळा जणांच्या हातात फिरवतो, तर त्यापेक्षा चौघांनी बाळ धरायचं आणि बाकीच्यांनी त्या चौघांची कामं उचलायची.

सासूबाईंना आधी पटलं नाही. त्यांचं म्हणणं बाळाला तीन दुपट्यांत घट्ट गुंडाळा आणि शेगडीवर ओवा-बाळंतशोपा टाकून धुरी द्या, आमची सगळी पोरं अशीच वाढली. मी वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या, त्यांनी सासूबाईंना पाटावर बसवून भिंतीला उशी लावून दिली आणि बाळ त्यांच्या छातीवर ठेवलं, वरनं सासूबाईंचंच जुनं नऊवारी लुगडं बांधलं, धुऊन धुऊन अगदी सायीसारखं मऊ झालेलं. बाळाचे पाय गार होते. अर्ध्या तासानं सासूबाईंनी स्वतःच हात घालून तळपाय बघितले आणि म्हणाल्या, अगं कोमट झाले की गं. त्यानंतर धुरीचं नाव काढलं नाही आणि दुपारची दोन ते पाच त्यांची पाळी कुणाला घेऊ दिली नाही.

आत्याबाईंना तशी पण रात्री झोप लागत नाही, त्यांनी पहाटेची पाळी घेतली, त्यामुळे बाळंतीण दूध पाजून सलग दोन-अडीच तास झोपायला लागली. आणि बाप, म्हणजे माझा धाकटा दीर. तो फवारणी करून यायचा आणि पहिल्या दिवशी तसाच खोलीत शिरत होता, मी दारातच अडवला. औषधाचे कपडे न्हाणीत वेगळ्या बादलीत, साबणानं डोक्यापासनं अंघोळ, मगच खोलीत पाय. द्राक्षवाल्या सगळ्या घरांना माझं हात जोडून सांगणं आहे, फवारणीच्या कपड्यांनी बाळ उचलू नका आणि ते कपडे बाळाच्या लंगोटांबरोबर धुऊ नका. तर तो अंघोळ करून रात्री नऊला बाळ छातीवर घेऊन बसायचा, दिवसभर कात्री चालवून बोटं फुगलेली, आणि बाळ झोपलं की त्याचा पण डोळा लागायला लागायचा म्हणून मी नाहीतर मधली समोर बसून राहायचो, कारण असं बसल्या-बसल्या बाळ धरून झोपलेलं चालत नाही. ह्या माणसानं थोरलीला सहा महिने नीट घेतलंसुद्धा नव्हतं, मला लहान बाळाची भीती वाटते म्हणायचा.

बाकीचं काम असं वाटून घेतलं. मधलीनं भाकऱ्या आणि मजुरांचं, मी धारा आणि बाळाची धुणी, माझ्या थोरल्या मुलीनं धाकटीच्या थोरलीला, म्हणजे चार वर्षांच्या चिमणीला, अंगणवाडीत सोडायचं-आणायचं. मामांजींनी दारावरचं काम घेतलं, येईल त्याला ओट्यावर बसवायचं, चहा पाजायचा आणि सांगायचं की बाळ सव्वा महिन्यानं दाखवू. हे सगळ्यात अवघड काम होतं. एक मावससासूबाई लांबनं एसटीनं आल्या होत्या, बाळंतविडा घेऊन, दोन किलो डिंकाचे लाडू घेऊन, आणि बाळ हातात मिळालं नाही म्हणून रागानं पाणी पण न पिता निघाल्या. मला फार वाईट वाटलं. पण मला तो बरगड्या ओढणारा पोरगा आठवत होता.

खरं सांगायचं तर हे काही नवीन फॅड नाही. आपल्यात पूर्वीपासून बाळंतिणीची खोली वेगळी होती, सव्वा महिना ती बाहेर पडायची नाही आणि बाहेरचं माणूस आत यायचं नाही. विटाळ म्हणून होतं ते, त्यातला विटाळ चुकीचाच होता, तो गेला ते बरंच झालं, पण बाळ-बाळंतीण गर्दीपासून लांब राहत होती ती गोष्ट आपण त्याबरोबर टाकून दिली. आणि धूर ठेवला, सहाणेवरची गुटी ठेवली, सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायचं ठेवलं. मध तर एक वर्षापर्यंत बाळाला द्यायचाच नसतो, त्यानं क्वचित पण फार वाईट विषबाधा होते. सहा महिने नुसतं आईचं दूध, वरनं पाणीसुद्धा नाही. सासूबाईंचा मध ह्या वेळी त्यांनी स्वतःच बाळंतशोपेच्या डब्यामागं ठेवून दिला.

आता चिमणीचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे. ओट्यावर येणारं प्रत्येक माणूस तिला म्हणायचं, काय गं, आता तुला कोण विचारणार? आता तुझे लाड संपले. चेष्टेत म्हणतात, माहिती आहे मला. पण एका दुपारी ती सापडेना. शोधलं तर गोठ्यात, वासराजवळ पेंडीच्या पोत्यावर बसलेली, अंगणवाडीच्या दप्तरात दोन फ्रॉक आणि फणी भरलेली, आणि मला विचारलं, मोठी आई, मला कुणाकडं पाठवणार आहात? काय उत्तर द्यायचं? मी तिला तशीच उचलून खोलीत नेलं, हात-पाय धुतले, आईच्या कुशीत एका बाजूला निजवलं आणि दुसऱ्या बाजूला बाळ. त्या दिवसापासनं टोपडं आणून द्यायचं काम तिचं. लहान पोरांशी असली चेष्टा करू नका हो. आणि दुसरी पण मुलगीच का, असं म्हणायला कुणी येणार असेल तर त्यांनी सव्वा महिन्यानंतर पण आमच्याकडे येऊ नये.

बारसं बाराव्या दिवशी घरातल्या घरात केलं. पाळण्याला झेंडू, पाच बायका, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं पण बाळाच्या जागी गुंडाळलेलं दुपटं फिरवलं, बाळ आईजवळच. नणंद आली होती, तिनं कानात कुर्र करून नाव सांगितलं, नुसतं नाव नाही तर आईचं, मग बापाचं, मग आडनाव, असं पूर्ण. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढं सरकारी कागदावर आईचं नाव लागतंच, म्हणून तिनं पाळण्यातच लावलं. जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, ती झाली आहे.

अठ्ठाविसाव्या दिवशी आशाताईंनी वजन केलं, 2 किलो 750.

त्या मावससासूबाई मागच्या आठवड्यात परत आल्या. मी घाबरले होते. त्या आल्या, चप्पल काढली, बाळाचं नाव काढलं नाही, सरळ चुलीपुढं बसल्या आणि म्हणाल्या, पीठ कुठंय? वीस भाकऱ्या थापल्या त्यांनी. मधली जाऊ त्या दिवशी महिनाभरानं पहिल्यांदा दुपारी आडवी झाली. जाताना त्यांनी दारातनंच बाळ बघितलं आणि पदराच्या गाठीतनं पन्नासची नोट काढून चिमणीच्या हातात दिली.

सव्वा महिना येत्या रविवारी पुरा होतोय. आमच्या सगळ्या नातेवाइकांना, भावकीला, मैत्रिणींना ह्या पत्रानं आग्रहाचं बोलावणं. सर्दी-ताप असेल तर बरं झाल्यावर या, घाई नाही. दारात बादली आणि साबण ठेवलाय. बागेत डिपिंगचे, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायचे, दिवस जवळ आलेत, ज्यांना जमेल त्यांनी दुपारपर्यंत थांबायच्या बेतानं या.

आपली,
एक मोठी काकू,
ता. तासगाव, जि. सांगली