आबा, तुमच्या कडब्याच्या पेंढीबद्दल

आबांस साष्टांग नमस्कार.

शाळेचं रीतसर आभारपत्र मिळालं असेलच. ते मुख्याध्यापकांचं. हे माझं, वर्गशिक्षिकेचं, पोरांना ज्वारीच्या धाटांची खेळण्यातली बैलगाडी करायला शिकवलीत त्याबद्दल.

आपल्या मंगळवेढ्याच्या भागात कडबा म्हणजे रोकड. जनावरांचा अख्खा उन्हाळा त्या गंजीवर निघतो. आमच्या लहानपणी गंजीतलं धाट उपसलं की पाठीत धपाटा ठरलेला. आणि तुम्ही स्वतः पेंढी सोडून पोरांपुढं टाकलीत, वर म्हणालात, "जाड पेरांची घ्या रं, बारक्यात भेंड नसतं." उंच मालदांडी ज्वारीच होती म्हणून निभावलं, बुटक्या संकरित ज्वारीची बैलगाडी करून बघा म्हणावं कुणीतरी!

तुम्ही दातानं साल सोललीत तेव्हा पोरं उसासारखं चोखायलाच निघाली होती. मग सालीच्या चोयट्या एकीकडं, आतलं मऊ पांढरं भेंड दुसरीकडं. भेंडाचा तुकडा म्हणजे चाकाचा तुंबा, त्यात चोयट्यांचे आरे खुपसायचे, एक लांब चोयटी वाकवून भोवती धाव बसवायची. ना डिंक, ना खिळा. चोयटीचं टोक भेंडात रुतलं की हलत नाही. साटी, जू, शिवळा ही गाडीच्या भागांची नावं पोरांनी तिथंच पहिल्यांदा ऐकली. घरच्या गाड्यांना रबरी टायर. आरे बघितलेत कुणी? चोयटीनं एकाचं बोट कापलं, तुम्ही हळद दाबलीत आणि तो पुन्हा कामाला लागला. (त्याच्या आईला मी समजावलं, काळजी नको.)

बैलांना वारुळाची माती घ्या, हे मात्र तुम्ही आधी सांगितलंत ते बरं झालं. आम्ही रानातली काळी माती आणली होती. ती वाळली की भेगाळते, शिंगं गळून पडतात. वारुळाच्या मातीचे बैल अजून वर्गात खिडकीत उभे आहेत, बैलांच्या बेंदूर सणापर्यंत टिकतील असं वाटतं.

चोयट्या-भेंडाचे चष्मे सगळ्यांनीच केले. एका पोरीनं मात्र बैलगाडी सोडून जुन्या चपलेची चाकं कापली आणि भेंडाची ट्रॉली केली, ऊस भरलेली. तुम्ही तिलाच जास्त वेळ दिलात, हे मी पाहिलं.

पुढच्या सुगीलाही येतोय. दोन पेंढ्या बाजूला काढून ठेवा. त्यांचे पैसे मात्र या खेपेला घ्यावे लागतील.

तुमची,
बाई